रेशीम अळीला तुतीच का लागते?

जालना-बीडकडच्या रेशीम उत्पादकांना पक्के ठाऊक असते की तुतीचा पाला संपला तर अळी उपाशी राहील, पण बांधावरच्या दुसऱ्या झाडाला तोंड लावणार नाही. या हट्टाचे मूळ तिच्या जबड्यांलगत आहे.

तिथे दोन्ही बाजूंना एकेक इवलेसे उपांग असते. प्रत्येकावर दोन सूक्ष्म शंकू आणि प्रत्येक शंकूत चव ओळखणाऱ्या चार चेतापेशी. कुणी साखरेला दाद देते, कुणी क्षाराला, तर कुणी कडूला. शेजारच्या स्पर्शकांनी अळी आधी पान चाचपते. क्लोरोजेनिक आम्ल, आयसोक्वेर्सिट्रिन आणि बीटा-सिटोस्टेरॉल ही तुतीच्या पानातली द्रव्ये अत्यल्प प्रमाणात जाणवली, तरी ती पहिला चावा घेते. मग साखर आणि इनोसिटॉल तिला खात ठेवतात.

पण ही द्रव्ये इतर झाडांतही सापडतात. मग तुतीच का? जपानी संशोधकांनी अळीची ही उपांगे काढून पाहिली, तेव्हा एरवी नाकारलेला पालाही ती खाऊ लागली. २०१९ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी 'जीआर६६' हे कडू चवीशी संबंधित एकच जनुक निकामी केले, तर त्या अळ्यांनी ताजी फळे आणि धान्याचे दाणेसुद्धा खाल्ले! मला यातून स्पष्ट दिसते ते असे: तुतीची ओढ खरीच, पण त्याहून बलवान आहे तो इतर सगळ्याला दिलेला नकार. आणि तुती काही गरीब झाड नव्हे. तिच्या चिकातली साखरेसारखी भासणारी अल्कलॉइड्स एरी रेशीम अळीला मारू शकतात. तुतीच्या अळीने मात्र ती पचवण्याची सोय करून घेतली आहे.

कडूला नकार देणारी अशी पेशी शेतकऱ्याच्याही कामी येते. निंबोळी अर्कातल्या अझाडिरॅक्टिनने अनेक अळ्यांची कडू ओळखणारी पेशी उत्तेजित होते आणि खाणे थांबते. अर्थात अळीला सवयही होते. सोयाबीनवर पडणाऱ्या तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीला शुद्ध अझाडिरॅक्टिन वारंवार दिले, तर ती हळूहळू त्याला जुमानत नाही. कडुनिंबाच्या संपूर्ण अर्कात तेवढेच अझाडिरॅक्टिन असले, तरी त्याची सवय तिला प्रयोगात झाली नाही. अनेक कडू द्रव्ये एकत्र आली की चव बोथट होत नसावी. म्हणून घरी निंबोळ्या कुटून केलेल्या ५ टक्के अर्काला कमी लेखू नये.