हौशी रेडिओ-स्पर्धांच्या नोंदवह्या खुल्या असाव्यात काय?

हौशी रेडिओचालकांच्या स्पर्धेत खेळ चालू असताना पंच कोठेही उपस्थित नसतो. प्रत्येक स्पर्धक आपल्या खोलीत बसून दूरदूरच्या केंद्रांशी संपर्क साधतो आणि त्याची नोंदही स्वतःच करतो. सीक्यू वर्ल्ड वाइड या सुप्रसिद्ध स्पर्धेची बोलीची फेरी ऑक्टोबरअखेर व मोर्सची फेरी नोव्हेंबरअखेर होते. प्रत्येक फेरी ४८ तासांची असते. नोंदीत वारंवारता, तारीख, वेळ, उभयतांची कॉलसाइन आणि परस्परांस कळविलेले आकडे, एवढाच मजकूर असतो.

या नोंदींची तपासणी परस्परांशी ताडून होते. एकाने लिहिलेला संपर्क दुसऱ्याच्या वहीत नसेल, किंवा कॉलसाइनमधील एखादे अक्षर चुकले असेल, तर तो संपर्क बाद होऊन शिवाय दंडही बसतो. म्हणजे नोंदवही ही वस्तुतः दुपक्षी दस्तऐवज आहे. तिच्यातील प्रत्येक ओळीचा अर्धा मालक दुसराच कोणी असतो. सीक्यू वर्ल्ड वाइडने २००५ सालापासूनच्या वह्या सर्वांस पाहावयास खुल्या केल्या आहेत. त्यामुळे परीक्षकांनी एखाद्यास अपात्र ठरविले, तर तो निर्णय योग्य होता की नाही हे इतरांनाही पडताळता येते. प्रसिद्धीचे सर्वांत बलवत्तर समर्थन हेच होय.

खुल्या वहीवरून आपले डावपेच, म्हणजे कोणत्या घटकेस कोणता पट्टा धरला हे, प्रतिस्पर्ध्यास कळतात, असा एक आक्षेप घेतला जातो. तो फारसा टिकणारा नाही. जे आकाशात उघड प्रक्षेपित झाले ते गुपित कसे? २००८ साली सुरू झालेले रिव्हर्स बीकन नेटवर्क मोर्स संकेत आपोआप टिपून तत्काळ प्रसिद्ध करते, आणि त्याच नोंदींचा २०१७ च्या अमेरिकेतील खग्रास सूर्यग्रहणात आयनांबराच्या अभ्यासास उपयोग झाला. स्पर्धेच्या वह्यांतही अशी सामग्री आहे. मात्र त्यांत केवळ यशस्वी संपर्क असतात. रिकामी वेळ म्हणजे लहरी पोहोचल्या नाहीत, की ऐकणारेच कोणी नव्हते, हे वहीवरून सांगता येत नाही. संशोधकाने एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुर्मीळ प्रदेशाशी संपर्क झाल्याच्या पुराव्यास हौशी जगतात मोठे मोल असते. अशा केंद्राच्या खुल्या वहीत आपल्या कॉलसाइनशी एका अक्षराने भिन्न असलेली नोंद कोणी शोधून काढील आणि ‘तो मीच, आपण अक्षर चुकीचे ऐकलेत’ असे लिहून खोटे पुष्टिपत्र मागेल. वही बंद असताना अशा लबाडास दिवस व वेळ अंधारात शोधावी लागे. खुली वही ती हातात देते.

यावरून प्रसिद्धीच टाकून द्यावी असे मात्र ठरत नाही. प्रवेशिका स्वीकारण्याची मुदत संपण्यापूर्वी एकही वही बाहेर येऊ नये. अन्यथा दुसऱ्याच्या वहीवरून आपली वही सुधारण्याचा मोह कित्येकांना आवरणार नाही. वहीच्या शिरोभागी असलेला स्पर्धकाचा पत्ता गाळावा, कारण संपर्काप्रमाणे तो काही आकाशात उच्चारलेला नव्हे. आणि प्रसिद्धीनंतर आलेल्या दुरुस्तीच्या विनंत्या दुर्मीळ केंद्राने नाकाराव्यात. त्यात एखाद्या प्रामाणिक चालकाचा खरा संपर्क बुडेल. परंतु ज्याची स्वतःची वही आधीच प्रसिद्ध झाली आहे व तीत तो संपर्क त्याच मिनिटास नोंदलेला आहे, अशाचा अपवाद करण्यास हरकत नाही.