चुना, हाड आणि रक्तातील प्रथिने

कर्जत-खालापूरकडील माणसाला चुना ठाऊक असतो तो भिंतीचा आणि तंबाखूला चोळायचा. डायलिसिसवरील रुग्णाला 'तुमच्या रक्तवाहिन्यांत चुना धरतो आहे' असे सांगितले, तर भांड्याच्या तळाशी बसणारा साका त्याच्या डोळ्यांपुढे येतो. उपमा सोपी खरी, परंतु फसवी.

साचणारा पदार्थ चुना नसून, हाडात असतो तसा कॅल्शियम-फॉस्फेटचा स्फटिक होय. मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे रक्तात फॉस्फेट साठते आणि धमनीच्या मधल्या थरातील स्नायुपेशी अस्थिपेशींप्रमाणे वागू लागतात. भलत्या जागी हाड घडू लागते, असेच म्हणावयास हवे.

निरोगी शरीरात असे होत नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी काही प्रथिनांना आहे. फेट्युइन-ए हे यकृतात तयार होते आणि खनिजाचे सूक्ष्म कण विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवते. पेडर्सन यांना ते १९४४ मध्ये वासराच्या गर्भाच्या रक्तद्रवात आढळले. नावात गर्भ आला तो त्यामुळे. कार्याचा त्यात मागमूस नाही. रक्तातील त्याचे प्रमाण कमी असलेल्या डायलिसिस-रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे केटेलर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले. दुसरे मॅट्रिक्स-ग्ला प्रथिन. हे धमनीच्या भिंतीतच तयार होते, पण के जीवनसत्त्वावाचून निष्क्रिय राहते. ते ज्यांच्यात मुळीच नव्हते असे उंदीर धमन्या कठीण होऊन दोन महिन्यांत दगावले, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे निष्क्रिय रूप रक्तात मोजता येते.

मात्र ही प्रथिने निर्देशक आहेत, निदान नव्हेत. दाह असला तरीही फेट्युइन घटते. तेव्हा एका आकड्यावरून धमनीची अवस्था ठरविता येत नाही.

शब्दाची खरी अडचण औषधापाशी येते. अशा रुग्णाला पुष्कळदा जेवणासोबत कॅल्शियमची गोळी दिलेली असते. 'चुना साचतो' आणि 'कॅल्शियम घ्या' ही वाक्ये एकाच दिवशी कानी पडली, तर शहाणा माणूस गोळी टाकून देईल. ती गोळी अन्नातील फॉस्फेट आतड्यातच बांधते. उपाशीपोटी घेतल्यास तो हेतू साधत नाही. तिची मात्रा मर्यादित ठेवावी, असे २०१७ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही सुचवितात. पण ते काम वैद्याचे. पारिभाषिक लेखनात 'कॅल्सीभवन' चालेल. 'नस' म्हणावे तर बोलीत तो शब्द मज्जातंतूलाही लागतो. रुग्णापुढे 'रक्तवाहिनी हाडासारखी कडक होते' असे म्हणावे, आणि लगेच जोडावे: 'ही गोळी हाडांसाठी नाही, जेवणातले फॉस्फेट धरून ठेवायला आहे, म्हणून घासाबरोबरच घ्यायची.'