जुनी आलिशान गाडी : किंमत उतरते, खर्च उतरत नाही

“ऑडी फक्त नऊ लाखांत”, “बीएमडब्ल्यू, एकच मालक, सुस्थितीत” अशा जाहिराती आता आपल्या तरुणांच्या मोबाईलवर रोज येऊन पडतात. नऊ लाखांत शोरूममधून एक नवी छोटी गाडी येते. मग घरातला मुलगा विचारतो, “बाबा, त्याच पैशात एवढी मोठी गाडी मिळते आहे, तर लहान कशाला घ्यायची?” प्रश्न चुकीचा नाही. मात्र त्याचे उत्तर गाडीच्या चकाकीत मिळत नाही, ते वहीत मिळते. म्हणून आज वही उघडू या.

वाचक बंधू-भगिनींनो, दारात चांगली गाडी असावी असे वाटण्यात गैर काहीच नाही. ज्या घराची एक पिढी पायी चालली, दुसरी सायकलवर कामाला गेली, त्या घरच्या तिसऱ्या पिढीने स्टिअरिंग हाती धरावे याचा आनंद सगळ्यांनाच होतो. पण त्यासाठी लागणारा पैसा कोणता, हे पाहिले पाहिजे. बहुतेक घरांत तो वडिलांच्या ग्रॅच्युइटीचा असतो, आईच्या बचत गटाचा असतो, मुलीच्या नर्सिंगच्या किंवा इंजिनीअरिंगच्या फीसाठी ठेवलेला असतो. असा पैसा एकदाच येतो. इसार देण्याआधी हिशेब मांडायचा तो याचसाठी.

स्वस्त का मिळते?

आपण बोलतो आहोत त्या लहान आकाराच्या, पण महागड्या कंपन्यांच्या उंच गाड्यांबद्दल. बीएमडब्ल्यू एक्स-वन भारतात २०१० च्या अखेरीस आली, ऑडी क्यू-थ्री २०१२ मध्ये, मर्सिडीज जीएलए २०१४ मध्ये आणि व्होल्वो एक्ससी-फोर्टी २०१८ मध्ये. पहिल्या तिन्ही गाड्या आल्या तेव्हा त्यांची सुरुवातीची किंमत साधारण २२ ते ३३ लाखांच्या दरम्यान होती. घेणारे उद्योजक, डॉक्टर, बिल्डर. कंपनीची हमी असते तोवर दुरुस्तीची चिंता नसते. हमी संपत आली की हे लोक गाडी काढून नवी घेतात. दुसरा मालक तीन-चार वर्षे वापरतो आणि मोठा खर्च समोर दिसू लागला की विकतो. आपल्यापर्यंत जाहिरात येते ती बहुधा या टप्प्यावर.

एक गोष्ट मनात पक्की करून ठेवावी. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. गाडी नऊ लाखांची झाली तरी तिचा गिअरबॉक्स तीस लाखांच्या गाडीचाच राहतो. आरसा, हेडलाइट, ब्रेक, सेन्सर यांचे बिल नव्या गाडीच्या मालकाला जेवढे येते, तेवढेच तुम्हाला येते.

बिघाड कुठे येतो?

या गाड्या मुळात कच्च्या नाहीत. पत्रा जाड, ब्रेक उत्तम, वेगात रस्ता न सोडणाऱ्या. वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली गाडी लाख-दीड लाख किलोमीटरनंतरही चांगली चालते. प्रश्न आहे तो “वेळच्या वेळी” या दोन शब्दांचा.

ऑडी क्यू-थ्रीच्या डिझेल गाडीला दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स येतो. त्याचे तेल साधारण ६० हजार किलोमीटरला बदलावे लागते. आधीच्या मालकाने ते टाळले असेल, तर गिअर पडताना झटके बसू लागतात आणि काम लाखाच्या पुढे जाऊ शकते. पहिल्या पिढीच्या बीएमडब्ल्यू एक्स-वनमधील दोन लिटरच्या डिझेल इंजिनाची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे इंजिनाच्या मागे आहे. ती झिजून आवाज करू लागली की बदलण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चेन तुटली तर इंजिनच जाते. फोक्सवॅगन समूहाने प्रदूषण मोजणीच्या प्रकरणानंतर डिसेंबर २०१५ मध्ये भारतातल्या ३ लाख २३ हजारांवर डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले होते. त्यांत ऑडीच्याही होत्या. जुनी ऑडी डिझेल पाहत असाल, तर ते काम झाले की नाही हे विचारावे.

एप्रिल २०२० पासून भारत-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. काही महागड्या गाड्यांत ती आधीपासूनच आहे. गाडी महामार्गावर सलग चालली की ही गाळणी तापते आणि काजळी जळून जाते. दत्त चौक ते बसस्थानक एवढ्याच चकरा मारणाऱ्या गाडीत ती तुंबते. म्हणजे ज्याचा वापर गावातल्या गावात आहे, त्याला अशी डिझेल गाडी महागच पडणार.

त्यात आपला जिल्हा. काळ्या मातीचे रस्ते पावसाळ्यात खचतात, वणी भागात कोळशाचे ट्रक रस्ता उखडतात, उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. रुंद, कमी उंचीचे टायर खड्ड्यात फुटतात. थंड पाण्याच्या प्लॅस्टिकच्या नळ्या उन्हाने जुन्या होतात. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांना स्टेपनीच नसते. त्यांचे खास टायर पंक्चर झाल्यावर ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर चालतात. अशा गाड्यांची अधिकृत सेवा केंद्रे आपल्याला जवळ म्हणजे नागपूरला. यवतमाळहून ते अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. पुसद-उमरखेडहून आणखी लांब. म्हणजे तिकडून निघालेल्याला मधेच टोचन व्हॅन बोलवावी लागेल.

वर्षाचा हिशेब

समजा, नऊ लाखांची दहा वर्षे वापरलेली डिझेल गाडी घेतली. तीन लाख घरचे, सहा लाख कर्ज. व्याज १४ टक्के, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता येतो सुमारे १३,९६० रुपये. पाच वर्षांत सहा लाखांचे ८ लाख ३७ हजार भरावे लागतात.

आता वापर वर्षाला दहा हजार किलोमीटर धरू. खालचे आकडे अंदाजाचे आहेत. आपापल्या भावाप्रमाणे बदलून घ्यावेत.

डिझेल (लिटरला १२.५ किलोमीटर, भाव ९० रुपये) : ७२,००० रुपये
सर्व्हिसिंग, तेल, फिल्टर, ब्रेक पॅड : ३५,००० रुपये
संपूर्ण विमा : २५,००० रुपये
टायर व बॅटरीचा वार्षिक वाटा : १५,००० रुपये
मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला : ६०,००० रुपये
एकूण : २,०७,००० रुपये

म्हणजे महिन्याला १७,२५० रुपये आणि वर हप्ता १३,९६०. दोन्ही मिळून ३१,२१० रुपये. शेवटची ६० हजारांची ओळ पाहून मुलगा म्हणेल, “बिघाड होईलच कशावरून?” एखाद्या वर्षी होणारही नाही. पण तीन वर्षांत एकदा गिअरबॉक्सने दगा दिला, की तीन वर्षांची शिल्लक एका दिवसात जाते. विम्यातून हा खर्च मिळत नाही. साधा विमा अपघाताची भरपाई देतो, झिजेची नाही. आणि खर्च वाचवायला फक्त तृतीय पक्षाचा विमा घ्यावा म्हटले, तर १५०० सीसीवरच्या गाडीचा जून २०२२ मध्ये ठरलेला दरच ७,८९७ रुपये आहे, वर जीएसटी. त्यात आपल्या गाडीचे नुकसान भरून येत नाही.

वर्षाचा एकूण खर्च झाला ३,७४,५२० रुपये. भाड्याची गाडी ड्रायव्हरसह किलोमीटरला १५ रुपयांनी धरली, तर याच पैशात जवळजवळ २५ हजार किलोमीटर फिरता येते. आपण तर दहा हजारच फिरणार आहोत! शिवाय एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या वडीलधाऱ्यांना मोफत प्रवास. घरातल्या प्रवासाचा खर्च काढताना या सवलतीही वहीत धराव्यात.

कागद आधी, गाडी नंतर

स्वस्त डिझेल गाड्यांपैकी कित्येक दिल्लीकडून येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती उचलून धरली. २०२५ मध्ये न्यायालयाने काही सवलत दिली, तरी तिथले मालक जुनी गाडी ठेवायला कचरतात. अशा गाडीला तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागतेच. परराज्याच्या नंबरवर इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवता येत नाही. एमएच-२९ चा नंबर घ्यायचा, तर महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो किती येईल हे यवतमाळच्या आरटीओत आधी विचारावे. दलालाच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नये.

राज्यातल्या गाडीसाठी फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलावे. आधीचे कर्ज असेल, तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घ्यावा. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. हा नियम विकणाऱ्यालाही तितकाच महत्त्वाचा आहे. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तुमची जुनी मोटारसायकल कोऱ्या फॉर्मवर सही करून कोणाला दिली असेल, तर आजच चौकशी करा.

घेणारच असाल तर

हिशेब करूनही ज्यांची ऐपत बसते, त्यांनी काही गोष्टी सोडू नयेत. गाडी सकाळी थंड असताना सुरू करून पाहावी. गरम इंजिन चेनचा आवाज झाकते. चासी नंबरवरून अधिकृत केंद्रातील सर्व्हिसिंगची नोंद मागावी. नोंद नसेल, तर गाडी सोडावी. या गाड्यांचे काम जाणणाऱ्या मिस्त्रीकडून संगणकाने तपासणी करावी; त्याचे दोन-तीन हजार रुपये वाया जात नाहीत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाचा डाग आहे का, गालिच्याखाली गंज आहे का, हे बघावे. २२ जुलै २०२३ ला आपल्या यवतमाळ शहरातच घरादारांत पाणी शिरले होते. पुरात बसलेली गाडी धुऊन चकाचक करता येते, पण तिच्या आतल्या वायरी कायमच्या बिघडलेल्या असतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडीच्या किमतीची चौथाई रक्कम, नऊ लाखांना सव्वादोन लाख, बँकेत वेगळी ठेवून मगच व्यवहार करावा. ती नसेल, तर गाडी आपल्याला परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बाकीच्यांसाठी मार्ग बंद नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने नव्या गाड्याही स्वस्त झाल्या आहेत. नवी छोटी गाडी कंपनीच्या हमीसह येते. तीन-चार वर्षे वापरलेली घेतली तर आणखी कमी पैसे लागतात. तिचे भाग दारव्हा-दिग्रसलाही मिळतात आणि गावचा मिस्त्री ती दुरुस्त करतो. दवाखान्याला रात्री निघायचे असेल, तेव्हा हीच गाडी कामाची.

हा हिशेब बाप-लेकांनी दोघांतच उरकू नये. घरातल्या भगिनींनी वही हातात घ्यावी, मुलीच्या फीची तारीख वरच्या ओळीत लिहावी आणि तिच्याखाली गाडीचा हप्ता मांडून पाहावा. दोन्ही ओळी एका पगारात बसत असतील, तर गाडी खुशाल आणा. बसत नसतील, तर कोणती ओळ खोडायची, हे सांगायला कोणा दलालाची गरज नाही.