चित्रफीत तबकडीवर कशी उतरते

शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर एक विद्यार्थी आमच्याकडे खिन्न मुद्रेनें आला. संमेलनाचें सारें चित्रण त्यानें मोबाईलवर टिपलें होतें, व त्यांत त्याच्या बहिणीचें गाणें होतें. तें डीव्हीडीवर घालून त्यानें गांवीं आजीकडे धाडलें. शेजारीपाजारी जमले, तबकडी यंत्रांत घातली, आणि पडद्यावर ‘तबकडी वाचतां येत नाहीं’ अशा अर्थाचीं अक्षरें तेवढीं उमटलीं! तबकडी शाबूत होती. चूक ती भरण्याच्या रीतींत होती. पुष्कळांच्या हातून हीच चूक होते, म्हणून तिची उकल येथें करीत आहों.

फाईलची नक्कल तबकडीवर ठेवणें आणि यंत्रास वाचतां येईल अशी तबकडी तयार करणें हीं दोन निराळीं कामें होत. डीव्हीडीचीं यंत्रें १९९६ सालीं जपानांत प्रथम विकावयास आलीं. त्यांस मुख्यत्वें एम्‌पेग-२ या पद्धतीनें लिहिलेलें चित्रच समजतें. आजचे मोबाईल बहुधा २००३ सालची एच.२६४ किंवा तिच्याहूनहि नवी पद्धत वापरतात. जुन्या यंत्रापुढें ती ठेवणें म्हणजे केवळ बाळबोध शिकलेल्या मुलापुढें मोडीचा कागद ठेवणें होय. मागाहून निघालेल्या कांहीं यंत्रांस नव्या पद्धतीहि कळतात. पण आजीचें यंत्र कोणतें हें विचारल्यावांचून त्यावर विसंबूं नये.

म्हणून प्रथम रूपांतर केलें पाहिजे. मोबाईलचें चित्र बहुधा १९२० बिंदू रुंद व १०८० बिंदू उंच असतें. आपल्या देशांतील डीव्हीडीचें ७२० व ५७६. गुणाकार करून पाहिल्यास बिंदू एक पंचमांशावर आले असें दिसेल. शिवाय डीव्हीडीवर सेकंदास २५ चित्रें लागतात व मोबाईल बहुधा ३० घेतो. हा फरक मिटवितांना नाचणाऱ्या पायांस किंचित् हिसका बसतो. मोबाईलमध्यें सोय असल्यास चित्रण आरंभींच २५ वर ठेवावें.

आतां थोडें गणित. तबकडीवर ४.७ जीबी छापलेलें असतें, पण संगणक पुष्कळदां ४.३७ दाखवितो. यांत फसवणूक नाहीं. कारखानदार १०० कोटी बाइटांस एक जीबी म्हणतो, व संगणक १०७ कोटी ३७ लाखांहून किंचित् अधिक बाइटांस. ४७० कोटी बाइटांचे ८ पट बिट होतात. ते दोन तासांच्या ७२०० सेकंदांत वांटले असतां दर सेकंदास सुमारें ५२ लाख येतात. एवढ्यांत चित्र चांगलें दिसतें. त्या विद्यार्थ्याचें चित्रण तीन तासांचें होतें. तेव्हां सेकंदाच्या वांट्यास ३५ लाखहि येईनात, व अशा वेळीं गर्दीचें नृत्य चौकटींचौकटींचें दिसूं लागतें. आम्हीं त्यास मध्यंतरापाशीं तोडून दोन तबकड्या करावयास सांगितलें.

रूपांतरित चित्र ‘व्हिडिओ_टीएस’ नांवाच्या कप्प्यांत ठराविक नांवांच्या फाईलींत बसवावें लागतें. यंत्र तोच कप्पा शोधतें. ‘डीव्हीडीस्टायलर’ हा विनामूल्य प्रोग्रॅम हें सारें करून तबकडीहि लिहितो. या लिहिण्यास ‘बर्न करणें’ म्हणतात, पण पेटत कांहीं नाहीं. कोऱ्या तबकडींत सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. लाल लेझर किरणानें तो जागोजाग तापतो व तेथून प्रकाश कमी परततो. त्याच खुणा यंत्र वाचतें. शेवटीं तबकडी ‘फायनलाईझ’ केली नाहीं, तर दुसरें यंत्र ती बहुधा वाचत नाहीं. हा रंग उन्हानें बिघडतो, म्हणून तबकडी खिडकींत ठेवूं नये. आणि मूळ फाईल कदापि पुसूं नये, कारण गेलेले बिंदू डीव्हीडीवरून परत मिळत नाहींत.

त्या विद्यार्थ्यानें नव्या तबकड्या प्रथम शेजाऱ्यांच्या यंत्रावर लावून पाहिल्या व मग धाडल्या. आजीचा निरोप आला कीं गाणें तीनदां ऐकलें, परंतु नातीचा चेहरा नीट दिसला नाहीं. चित्रण फार मागल्या रांगेंतून केलेलें आहे. त्यावर मात्र आमच्यापाशीं उपाय नव्हता.