पोटावर ठेवलेला हात

राइट टाउनमधल्या आमच्या काकांची नाडी धरली की दोन ठोके घाईत लागायचे, मग खंड, मग एक अर्धवट. ईसीजीवर एएफ, म्हणजे एट्रिअल फिब्रिलेशन, निघालं. जबलपूरच्या डॉक्टरांनी अब्लेशनचा, म्हणजे हृदयात नेमके व्रण करून ठोका सावरण्याचा, विषयही न काढता आधी इको करायला सांगितला. आपल्याकडे एएफचं मूळ पुष्कळदा लहानपणीच्या संधिवाती तापाने अरुंद झालेल्या मायट्रल झडपेत असतं आणि तिथे झडपेचा इलाज आधी. काकांची झडप धड होती, एएफही येऊन-जाऊन. मग नागपूरला जायचं ठरलं आणि घरात वाद पेटला: अब्लेशन उष्णतेचं करायचं, थंडीचं, की ते नवं विजेचं?

तिन्हींचं लक्ष्य एकच. 1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या हेसागेर यांनी 45 रुग्णांत दाखवलं, की एएफ पेटवणारे आगाऊ ठोके बहुतांशी फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांमधून निघतात. त्या शिरांच्या तोंडाभोवती व्रणाचं कडं करायचं, म्हणजे वीज हृदयात उतरत नाही. जांघेतून नळी वर जाते, मधला पडदा सुईने भोसकून डाव्या कप्प्यात शिरते. इथवर सगळं सारखंच.

रेडिओफ्रीक्वेन्सीत, म्हणजे उष्णतेच्या पद्धतीत, हे कडं ठिपक्या-ठिपक्याने जाळत पूर्ण करावं लागतं. कप्प्याच्या मागेच अन्ननलिका; तिला इजा होणं विरळा, पण झाली तर जीवावर बेतते.

काकांचं थंडीचं, म्हणजे गोठवणाऱ्या फुग्याने झालं. परवानगी घेऊन मी कंट्रोलरूममध्ये काचेमागे उभा होतो. 28 मिलिमीटरचा फुगा शिरेच्या तोंडाशी दाबला, डाय सोडून गळत नाही ना ते पाहिलं, मग आत नायट्रस ऑक्साइड. तापमानाचा आकडा उणे चाळिसाकडे घसरू लागला. उजव्या शिरांची पाळी आली तशा गप्पा थांबल्या. टेक्निशियन काकांच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवून उभा राहिला. वरच्या महाशिरेत ठेवलेल्या तारेतून श्वासपटलाच्या नसेला ठरावीक अंतराने झटका. दरवेळी पोट उचकी लागल्यासारखं उडायचं. "आहे... आहे... आहे..." तो म्हणत राहिला. ही नस उजव्या वरच्या शिरेला जवळजवळ खेटून जाते. उडणं मंदावलं की गोठवणं त्याच क्षणी बंद. एवढी महागडी यंत्रं, पण भरवसा एका तळहातावर!

ते नवं विजेचं, म्हणजे पल्स्ड फील्ड, मात्र उष्णता-थंडीवर अवलंबून नाही. मायक्रोसेकंदांचे उच्च दाबाचे विद्युत्स्पंद हृदयाच्या स्नायुपेशींना भोकं पाडतात. नस आणि अन्ननलिका त्या मानाने सुरक्षित राहतात. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली डिसेंबर 2023 मध्ये.

मग सरस कोणतं? 2016 च्या 'फायर अँड आइस' चाचणीत 762 रुग्ण होते. वर्षभरात अपयश फुग्याने 34.6 टक्के, जाळण्याने 35.9. म्हणजे फरक नाहीच. 2023 च्या 'अ‍ॅडव्हेंट'मध्येही पल्स्ड फील्ड जुन्या पद्धतींच्या तोडीचं ठरलं, वरचढ नाही. त्यामुळे माझ्या मते घरच्यांनी पद्धतीपेक्षा डॉक्टरांचा हात कशावर बसलाय, वर्षाला किती केसेस करतात, हे विचारावं. थोडं अवघड वाटतं, पण विचारावं.

दुसऱ्या दिवशी काकांचा पहिला प्रश्न, "रक्त पातळ करायची गोळी सुटली ना?" निदान दोन-तीन महिने ती सगळ्यांनाच घ्यावी लागते. त्या काळात ठोका पुन्हा चुकला तरी लगेच अपयश धरत नाहीत. पुढे गोळी ठरते ती वय, बीपी, शुगर, पूर्वीचा अर्धांगवात यांवरून. ठोका सुधारला म्हणून ती सुटत नाही. काका त्र्याहत्तरचे, बीपी आहे, शुगर आहे. गोळी चालू राहणार.