परदेशी बंदरात सेवामुक्त होणाऱ्या खलाशांना कायद्याचे संरक्षण

कोकण किनारपट्टीवरील कित्येक गावांचा चरितार्थ पिढ्यानपिढ्या दर्यावर चालत आला आहे. रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या भागांतील तरुण आगबोटींच्या काळापासून व्यापारी जहाजांवर नोकरी करीत आले. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवरचे खलाशी, तांडेल व सारंग बहुधा कोकणातले आणि बटलर व आचारी गोव्याचे, अशी विभागणी दीर्घकाळ रूढ होती. आज जहाजे बदलली, ध्वज बदलले, परंतु घरापासून हजारो मैल दूर असलेल्या बंदरात नोकरी संपली तर पुढे काय, हा खलाशाचा जुना प्रश्न कायम आहे.

कारखान्यातील कामगाराची नोकरी सुटली तर तो सायंकाळी आपल्या घरी असतो. खलाशाचे तसे नाही. त्याचे निवासस्थान, अन्न आणि परतीचे साधन ही सारी जहाजाशी बांधलेली असतात. ज्या भूमीवर त्याला उतरविले जाते, तेथील भाषा, चलन व कायदा त्याला परके असतात. म्हणूनच सागरी कायद्याने सेवामुक्त खलाशाला घरी पोहोचविण्याची जबाबदारी जहाजमालकावर टाकली आहे.

पूर्वपीठिका

ही जबाबदारी सहजासहजी मान्य झालेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हिंदी खलाशी, म्हणजे 'लस्कर', लंडनच्या गोदी परिसरात निराधार अवस्थेत राहत असत. परतीचे जहाज मिळेपर्यंत थंडी व उपासमार यांनी कित्येकांचा अंत होई. १८२३ साली ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या कायद्यात त्यांच्या निर्वाहाची व परत पाठवणीची तरतूद झाली. १८५७ साली लंडनच्या लाइमहाउस भागात आशियाई व आफ्रिकी खलाशांसाठी एक आश्रयगृहही उघडण्यात आले.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२६ साली खलाशांचा करारनामा व त्यांची मायदेशी पाठवणी यांविषयी दोन स्वतंत्र करार संमत केले. स्वतंत्र भारतात १९५८ च्या मर्चंट शिपिंग अधिनियमाने परदेशी बंदरातील सेवामुक्तीवर भारतीय वाणिज्य दूताची देखरेख ठेवली आणि विपन्नावस्थेतील खलाशाला परत आणून तो खर्च मालकाकडून वसूल करण्याची सोय केली. या अधिनियमाची जागा घेणारा नवा अधिनियम संसदेने २०२५ साली संमत केला.

आजच्या व्यवस्थेचा पाया मात्र २००६ चा सागरी श्रम करार हा आहे. तो २० ऑगस्ट २०१३ रोजी अमलात आला. भारताने त्यास ऑक्टोबर २०१५ मध्ये अनुसमर्थन दिले.

परतीचा हक्क

या करारान्वये तीन परिस्थितींत खलाशाला विनाखर्च मायदेशी परतण्याचा हक्क आहे. परदेशात असताना कराराची मुदत संपली, मालकाने किंवा रास्त कारणासाठी खलाशाने करार संपुष्टात आणला, अथवा आजार, अपघात यांसारख्या कारणांनी खलाशी काम करण्यास असमर्थ झाला, तर हा हक्क प्राप्त होतो. ज्या सेवाकालानंतर परतीचा हक्क मिळतो, तो कालावधी बारा महिन्यांपेक्षा कमी असला पाहिजे, असे बंधन आहे. मुदतीपूर्वी करार संपवावयाचा झाल्यास द्यावयाची पूर्वसूचना किमान सात दिवसांची असली पाहिजे.

'परतीचा खर्च' याचा अर्थ केवळ विमानाचे तिकीट असा नव्हे. जहाज सोडल्यापासून घरी पोहोचेपर्यंतचे भोजन व निवास, तीस किलोपर्यंतच्या सामानाची वाहतूक आणि प्रवासास योग्य होईपर्यंतचे औषधोपचार यांचाही त्यात समावेश करावा, असे करारातील मार्गदर्शक सूत्र आहे. परतीची वाट पाहण्यात गेलेले दिवस हक्काच्या रजेतून वजा करू नयेत, असेही त्यात म्हटले आहे.

या खर्चासाठी नोकरीच्या आरंभी खलाशाकडून आगाऊ रक्कम घेण्यास मनाई आहे. तो खर्च वेतनातून कापून घेता येत नाही. खलाशाने कर्तव्यात गंभीर कसूर केल्याचे विहित पद्धतीने सिद्ध झाले, तर तेवढाच अपवाद होतो.

आजारपण व अपघात

आजारी किंवा जखमी खलाशाला परदेशी रुग्णालयात ठेवून जहाज पुढे निघून जाते, असे प्रसंग विरळ नाहीत. जहाज गेले तरी मालकाची जबाबदारी जात नाही. खलाशी बरा होईपर्यंत अथवा त्याचे आजारपण कायम स्वरूपाचे ठरेपर्यंत उपचाराचा खर्च मालकाने करावयाचा असतो, आणि तो मायदेशी पोहोचेपर्यंत पूर्ण वेतनही द्यावयाचे असते. राष्ट्रीय कायद्याने या दायित्वाला कालमर्यादा घालता येते, परंतु ती सोळा आठवड्यांपेक्षा कमी असू शकत नाही. जहाज बुडाल्यामुळे नोकरी गेल्यास बेकारीची भरपाई मिळते. ती दोन महिन्यांच्या वेतनापुरती मर्यादित करता येते.

मालकाने वाऱ्यावर सोडल्यास

सर्वांत बिकट अवस्था मालकच नाहीसा होतो तेव्हा येते. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ साली तीनशेहून अधिक जहाजांवरील तीन हजारांवर खलाशांना अशा रीतीने टाकून देण्यात आले. त्यांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती.

मालक परतीचा खर्च देत नसेल, जहाजावर अन्नपाणी व आवश्यक साहाय्य पुरवीत नसेल, किंवा किमान दोन महिन्यांचे वेतन न देण्यासह अन्य प्रकारे त्याने संबंध तोडले असतील, तर त्या खलाशाला 'परित्यक्त' समजले जाते. अशा प्रसंगासाठी १८ जानेवारी २०१७ पासून आर्थिक हमीची अट अमलात आली आहे. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या पाचशे टन व त्याहून मोठ्या जहाजाने या हमीचे प्रमाणपत्र सर्वांना दिसेल अशा जागी लावले पाहिजे. या हमीतून परतीचा खर्च, घरी पोहोचेपर्यंतच्या जीवनावश्यक गरजा आणि चार महिन्यांपर्यंतचे थकलेले वेतन मिळते.

येथे एक गोष्ट प्रत्येक खलाशी-कुटुंबाने लक्षात घ्यावी. दोन महिन्यांचे वेतन थकले की खलाशी 'परित्यक्त' ठरू शकतो आणि थकलेल्या वेतनाची हमी चार महिन्यांपुरतीच आहे. 'मालक आज देईल, उद्या देईल' या आशेवर गप्प राहिल्यास चौथ्या महिन्यानंतरचा प्रत्येक महिना हमीच्या कक्षेबाहेर जातो.

जानेवारी २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर 'इबा' हे पनामाच्या ध्वजाखालील तेलवाहू जहाज येऊन रुतले. त्यावरील खलाशांना, ज्यांत भारतीयही होते, अडीच वर्षांहून अधिक काळ वेतन मिळालेले नव्हते. जहाज सोडले तर थकबाकीवरील हक्क बुडेल, या भीतीने ते जहाजावरच राहिले होते. अखेर तडजोडीत त्यांना थकबाकीचा काही भागच मिळाला.

हमीपलीकडील वेतनासाठी जहाजावरच बोजा असतो. भारतात २०१७ च्या नाविक अधिकारिता अधिनियमान्वये मुंबईसह किनारी राज्यांच्या उच्च न्यायालयांना जहाज अटकवून ठेवण्याचा अधिकार आहे. खलाशांचे वेतन व परतीचा खर्च यांना सागरी बोजांमध्ये अग्रक्रम आहे. हा बोजा रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षे टिकतो. मालक बदलला तरी तो जहाजाबरोबर जातो. मात्र जहाज त्या न्यायालयाच्या हद्दीतील पाण्यात असावे लागते, ही या उपायाची मर्यादा होय.

मालक व विमासंस्था दोघेही अपयशी ठरल्यास ज्या देशाचा ध्वज जहाजावर आहे, त्या देशाने खलाशाला परत पाठवावे लागते. त्यानेही टाळाटाळ केली, तर बंदराचे राष्ट्र किंवा खलाशाचे स्वतःचे राष्ट्र ते काम करून खर्च ध्वजराष्ट्राकडून वसूल करू शकते. या सर्व राष्ट्रांनी परस्पर सहकार्य करावे, ही तरतूद २०२२ च्या दुरुस्तीने अधिक स्पष्ट केली. ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली आहे.

कोणती दक्षता घ्यावी?

संरक्षणाची सुरुवात घर सोडण्यापूर्वीच होते. भरती करणाऱ्या संस्थेकडे मुंबईतील नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून शुल्क घेणे करारास मान्य नाही. पारपत्र, खलाशी पुस्तिका आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा खर्च तेवढा त्याला सोसावा लागू शकतो. मोठी रक्कम मागणारा विनापरवाना दलाल बहुधा अशाच जहाजावर पाठवितो, ज्याच्या मागे कोणी जबाबदार मालक उभा नसतो.

करारनाम्याची सही-शिक्क्याची प्रत स्वतःजवळ ठेवून दुसरी घरी ठेवावी. जहाजावर चढताच आर्थिक हमीच्या प्रमाणपत्रावरील विमासंस्थेचे नाव व संपर्क टिपून घ्यावा. दरमहाची वेतनपावती जपावी. सेवामुक्तीच्या वेळी हिशेब पूर्ण झाल्याखेरीज 'सर्व रक्कम पावली' अशा कागदावर सही करू नये. करावीच लागली तर थकबाकीची नोंद करूनच करावी. सेवामुक्तीची तारीख व बंदर यांची नोंद खलाशी पुस्तिकेत आहे, हेही पाहावे.

तक्रार प्रथम जहाजावर व आवश्यक तर बंदराच्या अधिकाऱ्याकडे नोंदविता येते. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन त्या अधिकाऱ्यावर असते. भारतीय वकिलात, नौवहन महासंचालनालय, खलाशांची संघटना किंवा बंदरातील वाहतूक कामगार महासंघाचा निरीक्षक यांच्याकडेही दाद मागता येते. घरच्या मंडळींनीही करारनाम्याच्या प्रतीसह महासंचालनालयाकडे अर्ज करावा.

देशाचा सागरी व्यापार अशा असंख्य अनामिक हातांनी चालतो. त्या हातांना दिलेले संरक्षण कायद्याच्या पुस्तकात आहेच. परंतु ते जहाजाच्या डेकपर्यंत आणि कोकणातील घराच्या ओसरीपर्यंत पोहोचावयाचे असेल, तर खलाशाला व त्याच्या कुटुंबाला त्याची माहिती असली पाहिजे आणि दोन महिने उलटताच ती वापरण्याचे धैर्यही असले पाहिजे.