स्तन्य आणि मद्यार्क : स्तनदा मातेच्या प्रसंगोपात्त मद्यपानाचा विचार

स्तनपान देणाऱ्या मातेने क्वचित् प्रसंगी अल्प मद्य घेतले तर अर्भकास अपाय होतो काय, या प्रश्नाला दोन परस्परविरोधी उत्तरे दीर्घकाळ दिली गेली आहेत. एका पक्षाच्या मते मद्य हे दूध वाढविणारे पौष्टिक पेय होय. दुसऱ्या पक्षाच्या मते त्याचा एक थेंबही स्तन्यास विषवत् करतो. या दोन्ही मतांची परीक्षा शरीरक्रियाविज्ञानाच्या आधारे करता येते, आणि तशी ती केली असता दोन्ही मते जशीच्या तशी टिकत नाहीत असे दिसून येते.

हा प्रश्न केवळ पाश्चात्य समाजापुरता मर्यादित आहे असे समजण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात स्तन्यजनक द्रव्यांची जी गणना आहे, तीत सीधु वगळून इतर मद्यांचा स्पष्ट निर्देश आढळतो. महाराष्ट्रातील अनेक घरांत बाळंतिणीला दशमूलारिष्ट देण्याचा परिपाठ आहे. आणि अरिष्ट म्हणजे संधान-क्रियेने सिद्ध झालेले, अर्थातच मद्यार्कयुक्त औषध. दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत १८९५ साली 'माल्ट-न्यूट्रीन' नावाचे सौम्य मद्यार्काचे पेय गर्भिणी व स्तनदा स्त्रियांसाठी शक्तिवर्धक म्हणून औषधांच्या दुकानांतून विकले जाऊ लागले. देश आणि काल भिन्न असले, तरी समजूत एकच आहे.

१. मद्यार्क स्तन्यात कसा येतो

मद्यार्काचा रेणू लहान असून तो पाण्यात सर्व प्रमाणांत मिसळतो. पेशींच्या आवरणांतून पार होण्यास त्याला कोणत्याही वाहकाची गरज लागत नाही. केवळ विसरणाने तो रक्तातून स्तन्यात उतरतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच फ्रेंच संशोधक निक्लू यांनी स्त्रियांच्या दुधात मद्यार्क उतरतो हे प्रयोगाने दाखविले होते. स्तन्यातील मद्यार्काचे प्रमाण हे त्या त्या वेळच्या रक्तातील प्रमाणाच्या जवळजवळ बरोबर असते, असे त्यानंतरच्या सर्व निरीक्षणांवरून ठरले आहे. रिकाम्या पोटी मद्य घेतल्यास हे प्रमाण अर्ध्या ते एक तासात परमावधीस पोहोचते. अन्नाबरोबर घेतल्यास त्यास एक ते दीड तास लागतो.

येथे एक मुद्दा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. मद्यार्क स्तन्यात साठून राहत नाही. विसरण दोन्ही दिशांनी चालते; रक्तातील प्रमाण उतरू लागले की स्तन्यातील मद्यार्क पुन्हा रक्तात परततो. म्हणून मद्यपानानंतर दूध पिळून टाकून दिल्याने स्तन्य लवकर शुद्ध होते, ही प्रचलित समजूत निराधार आहे. रक्तात मद्यार्क असेतो नव्याने तयार होणाऱ्या दुधातही तो येणारच. पिळून टाकण्याचा उपयोग फार तर स्तनांचा ताठरपणा कमी करण्यापुरता होतो. शुद्धीकरण घडविणारा घटक एकच, आणि तो म्हणजे काळ. चहा, कॉफी, थंड पाण्याचे स्नान किंवा पुष्कळ पाणी पिणे यांपैकी कशानेही यकृताचा वेग वाढत नाही.

२. प्रमाणाचे गणित

अमेरिकेत 'एक प्रमाण पेय' याचा अर्थ १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असा केला जातो. ५ टक्क्यांची सुमारे ३५० मिलिलिटर बीयर, १२ टक्क्यांची सुमारे १५० मिलिलिटर द्राक्षमदिरा किंवा ४० टक्क्यांची सुमारे ४५ मिलिलिटर व्हिस्की यांत इतका मद्यार्क असतो. ऑस्ट्रेलियात हेच माप १० ग्रॅमचे आहे. निरनिराळ्या देशांतील निष्कर्षांची तुलना करताना हा भेद विसरून चालत नाही.

६० किलोग्रॅम वजनाच्या स्त्रीच्या शरीरात मद्यार्क ज्यात पसरतो ते जलीय आकारमान सुमारे ३३ लिटर धरता येते. १४ ग्रॅम मद्यार्क त्यात पसरला म्हणजे रक्तातील प्रमाण दर १०० मिलिलिटरला अधिकात अधिक ४० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. स्तन्यातील प्रमाणही तितकेच. आता ५ किलोग्रॅम वजनाच्या अर्भकाने नेमके याच क्षणी १५० मिलिलिटर दूध प्याले असे मानू. त्याच्या पोटात ६० मिलिग्रॅम मद्यार्क जाईल. अर्भकाच्या शरीरातील पाणी सुमारे ३ लिटर धरले, तर त्याच्या रक्तातील प्रमाण दर १०० मिलिलिटरला केवळ २ मिलिग्रॅम होते, म्हणजे मातेच्या रक्तातील प्रमाणाच्या विसाव्या हिश्श्याइतके.

गर्भावस्थेशी तुलना केली असता या आकड्याचा अर्थ स्पष्ट होतो. गर्भाचे रक्त वारेतून मातेच्या रक्ताशी समतोल साधते. मातेच्या रक्तात जितका मद्यार्क, जवळजवळ तितकाच गर्भाच्या रक्तात. म्हणून गर्भारपणात मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. स्तनपानाच्या काळात मात्र मूल स्वतंत्र झालेले असते, आणि मद्यार्क त्याच्यापर्यंत आहारातील एक सौम्य द्रावण म्हणून पोहोचतो. गर्भिणीसाठी घातलेला निर्बंध त्याच कारणाने स्तनदा मातेस लागू करणे हे तर्कदृष्ट्या सदोष होय.

तथापि या गणिताला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, मद्यार्काचे विघटन करणारे यकृतातील एंझाइम नवजात अर्भकात अपुऱ्या प्रमाणात असते. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत मद्यार्क त्याच्या शरीरातून प्रौढांच्या मानाने सावकाश निघून जातो. याच वयात पाजण्याच्या वेळाही जवळजवळ असतात. दुसरी मर्यादा अशी की, हे गणित एका पेयाचे आहे. त्याच स्त्रीने थोड्या वेळात चार पेये घेतली तर तिच्या रक्तातील प्रमाण १७० मिलिग्रॅमच्या घरात जाते. रक्तातील मद्यार्क ताशी १५ ते २० मिलिग्रॅम या वेगाने उतरतो. म्हणजे एका पेयास दोन ते तीन तास, तर चार पेयांस साडेआठ ते साडेअकरा तास लागतात. इतका काळ स्तनपान थांबविणे तान्ह्या मुलाच्या बाबतीत अशक्यप्राय असते.

३. मद्याने दूध वाढते काय

फिलाडेल्फिया येथील मोनेल संशोधन संस्थेत मेनेला आणि बोशां यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा ठरला. बारा स्तनदा मातांना एके दिवशी संत्र्याच्या रसातून शरीराच्या दर किलोग्रॅमला ०.३ ग्रॅम मद्यार्क व दुसऱ्या एका दिवशी केवळ संत्र्याचा रस देण्यात आला. मद्यार्काच्या दिवशी दुधाचा वास बदलला. अर्भकांनी आरंभी अधिक जोमाने चोखले, परंतु एकंदरीत दूध कमी प्याले. याच संशोधनाच्या पुढील टप्प्यात असे आढळले की, पहिल्या चार तासांतील ही तूट मातेने पुन्हा मद्य न घेतल्यास अर्भके नंतरच्या तासांत भरून काढतात. १९९८ सालच्या प्रयोगात मद्यार्कयुक्त स्तन्य प्यालेल्या अर्भकांची निद्रा, विशेषतः तिचा चंचल निद्रा हा प्रकार, त्यानंतरच्या साडेतीन तासांत कमी झाल्याचे दिसले. मद्याने मूल गाढ झोपते ही समजूत यायोगे खोटी ठरली.

दूध कमी का पडते, याचे उत्तर २००५ साली मिळाले. स्तन्याची निर्मिती प्रोलॅक्टिन या संप्रेरकावर, तर पान्हा फुटणे हे ऑक्सिटोसिनवर अवलंबून असते. मद्यार्क घेतल्यानंतर प्रोलॅक्टिन वाढते, परंतु ऑक्सिटोसिन पुष्कळ उतरते. परिणामी स्तन भरून आल्यासारखे वाटतात, पण पान्हा उशिरा फुटतो आणि दूध कमी येते. मद्यार्काने पान्ह्यास अवरोध होतो, व तो मात्रेनुसार वाढतो, हे कोबो यांनी १९७३ सालीच दाखविले होते. मद्य स्तन्यजनक आहे या समजुतीचे मूळ कदाचित् येथेच सापडते. मातेला जाणवणारा भरीवपणा खरा होता. त्यावरून काढलेले अनुमान मात्र चुकीचे होते. जवापासून केलेल्या बीयरच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. जवातील एक बहुशर्करा प्रोलॅक्टिनला उत्तेजन देते, आणि हा गुण मद्यार्करहित बीयरमध्येही आढळतो. अर्थात् गुण जवाचा, आणि श्रेय मद्याला, असा हा प्रकार आहे.

४. दूरगामी परिणामांविषयीचा पुरावा

अल्प मद्यपानाचा मुलाच्या वाढीवर कायमचा परिणाम होतो काय, याविषयीचा पुरावा थोडा आणि परस्परांशी न जुळणारा आहे. लिट्ल व त्यांचे सहकारी यांनी १९८९ साली सुमारे ४०० अर्भकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या माता स्तनपानाच्या काळात नित्य मद्य घेत, त्यांच्या मुलांचा वयाच्या पहिल्या वर्षीचा स्नायुचलनविषयक गुणांक किंचित् कमी भरला. मानसिक गुणांकात फरक आढळला नाही. याच संशोधिकेने २००२ साली इंग्लंडमधील दीड वर्षाच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा पूर्वीचा निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. २०१८ साली गिब्सन व पोर्टर यांनी ऑस्ट्रेलियातील ५,००० हून अधिक अर्भकांच्या माहितीचे विश्लेषण केले. मातेचे मद्यपान जितके अधिक, तितके स्तनपान लाभलेल्या मुलांचे सहाव्या-सातव्या वर्षीचे अशाब्दिक तर्कशक्तीचे गुण कमी, असा संबंध त्यांना आढळला; ज्यांना स्तनपान मिळालेच नव्हते अशा मुलांत तो आढळला नाही. दहाव्या-अकराव्या वर्षी मात्र हा फरक दिसून आला नाही.

अशा निरीक्षणात्मक अभ्यासांत मद्याचा परिणाम आणि कुटुंबाच्या इतर परिस्थितीचा परिणाम वेगळा काढणे कठीण असते. अतिमद्यपानाविषयी मात्र शंकेस जागा नाही. १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदविलेल्या एका प्रकरणात, सतत बीयर पिणाऱ्या मातेच्या चार महिन्यांच्या अर्भकाचा चेहरा फुगला, वजन वाढले आणि उंचीची वाढ खुंटली. मातेने मद्य सोडल्यावर स्तनपान चालू असतानाच अर्भक पूर्ववत् होऊ लागले.

५. स्तन्याबाहेरील धोका

आतापर्यंतचा विचार दुधातील मद्यार्काचा झाला. परंतु वर केलेल्या गणितातच एक गोष्ट दडलेली आहे. एका पेयाने अर्भकाच्या रक्तात २ मिलिग्रॅम येतात, तर मातेच्या रक्तात ४०. भारतात वाहन चालविण्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. जी व्यक्ती त्या क्षणी वाहन हाकण्यास अपात्र ठरते, तिच्या हाती तान्हे मूल असते. मद्य घेतलेल्या प्रौढाने अर्भकास आपल्या अंथरुणात घेऊन झोपणे हे अर्भकाच्या आकस्मिक मृत्यूचे एक प्रस्थापित कारण आहे. हा धोका बाटलीने दूध पाजणाऱ्या मातेस व मुलाच्या पित्यासही तितकाच लागू पडतो, ही गोष्ट चर्चेत बहुधा सुटून जाते.

६. महाराष्ट्रातील परिस्थिती

पाश्चात्य मार्गदर्शक नियम मोजमाप ठाऊक असलेल्या पेयांसाठी आहेत. मोहाची दारू किंवा हातभट्टीची दारू यांतील मद्यार्काचे प्रमाण प्रत्येक वेळी निराळे असते आणि बेकायदा दारूत मिथिल मद्यार्काचे भयही असते. अशा ठिकाणी 'एक पेय' या शब्दांना निश्चित अर्थच राहत नाही. म्हणून तेथे पूर्ण वर्जन हाच एक सांगण्याजोगा सल्ला ठरतो.

दशमूलारिष्टाचे गणित याहून वेगळे आहे. आसवारिष्टांत साधारणतः ५ ते १० टक्के मद्यार्क असतो. ८ टक्के धरल्यास २० मिलिलिटरच्या मात्रेत सुमारे सव्वा ग्रॅम मद्यार्क येतो, म्हणजे एका प्रमाण पेयाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातील काही कलमे मद्यार्कयुक्त औषधांपुरती सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली अवैध ठरविली, तेव्हा औषध आणि पेय यांतील हाच भेद न्यायालयापुढे होता. विहित मात्रेतील अरिष्टाने अर्भकास पोहोचणारा मद्यार्क नगण्य असतो. मात्र जी स्त्री आपण मद्यास कधी शिवलो नाही असे म्हणते, तिला या औषधात काय आहे हे वैद्याने सांगितले पाहिजे, हेही तितकेच खरे.

७. निष्कर्ष

मद्य न घेणे हाच स्तनदा मातेसाठी सर्वांत सुरक्षित मार्ग होय, यावर अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील आरोग्यसंस्थांचे एकमत आहे. त्याबरोबरच, दिवसास एका प्रमाण पेयापर्यंतच्या मद्याने, विशेषतः त्यानंतर किमान दोन तास थांबून पाजल्यास, अर्भकास अपाय झाल्याचे ज्ञात नाही, असेही अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राचे म्हणणे आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली प्रसंगोपात्त मद्याची मर्यादा दर किलोग्रॅम वजनास ०.५ ग्रॅम अशी सांगितली होती. पेय घेण्यापूर्वी मुलास पाजणे किंवा आधीच दूध काढून ठेवणे, ही साधी योजना त्या दोन तासांसाठी पुरेशी होते. पहिल्या काही आठवड्यांत मात्र मद्य टाळणेच इष्ट.

या प्रश्नात अतिरेकी उत्तराचीही किंमत मोजावी लागते. एखाद्या समारंभात घेतलेल्या एका पेल्यानंतर आपले दूध विषारी झाले या भीतीने मातेने स्तनपानच सोडले, तर दोन मिलिग्रॅमच्या भयापायी अर्भक त्याच्या सर्वोत्तम अन्नास आणि रोगप्रतिकारक द्रव्यांस मुकते. उलट मद्याने दूध वाढते या समजुतीने तिला रोज पेला दिला, तर पान्हाच अडतो. अर्भकाच्या हिताचा विचार करणाऱ्याने मातेला भय किंवा भुरळ यांपैकी काहीही न घालता मात्रा, वेळ आणि मुलाचे वय या तीन गोष्टी स्पष्टपणे सांगाव्यात, आणि मद्य घेतलेल्या रात्री मूल शुद्धीवर असलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी देखरेखीखाली असावे, हे विसरू नये.